न बघता घेतलेली मापं

३ जुलै

बाबा,

'तीर्थरूप' लिहिलं आणि खोडलं. नुसतं बाबा चालेल.

तुमचं पत्र संग्रहालयाच्या पत्त्यावर आलं. पाकिटावर माझं नाव नव्हतं, 'प्रमुख, स्पिरिटमधले नमुने' एवढंच होतं. शिपायानं ते परिपत्रकांच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. आत दोन टाइप केलेली पानं आणि खाली तुमची सही, ओळ सोडून भलतीकडे घसरलेली. दृष्टीचा मधला भाग गेलाय, कडेकडेचं तेवढं दिसतं, असं तुम्ही लिहिता. तुमच्या घरातल्या बाई पत्रं वाचून दाखवतात आणि सांगाल ते टाइप करतात. म्हणजे माझं अक्षर तुम्ही बघणार नाही, त्यांच्या आवाजात ऐकणार. ठीक आहे.

एकोणीस वर्षांनी पत्र आलं आणि त्यात बुटके होते. शाळेत कुणी विचारलं, तुझे वडील काय करतात, की मी सांगायचे: भिंतीवर थरथरणारे लांब टांगांचे प्राणी असतात ना, कोळ्यासारखे पण कोळी नसलेले, त्यांचे सगळ्यांत जुने बुटके भाऊबंद बाबा शोधतात. तिळाएवढे असतात, कुजलेल्या पाचोळ्यात राहतात आणि बहुतेकांना डोळेच नसतात. मुली हसायच्या. तुम्ही मात्र जेवताना त्यांच्याबद्दल इतक्या हळू आवाजात बोलायचात, जणू ते आतल्या खोलीत झोपलेत.

जगातल्या सगळ्या बुटक्यांचं एकच मोठं पुस्तक तुम्ही पुरं करताय हे वाचलं. दोनशेच्या वर जाती, प्रत्येक जात आपल्या डोंगराला धरून बसलेली. जमीन फुटून खंड वेगळे झाले तेव्हा जमिनीबरोबर गेलेली, स्वतःच्या पायांनी कुठेच न गेलेली. यावर मला एक टोमणा सुचला होता, पण तो मी विशीत इतक्या वेळा मनात म्हटलाय की आता शिळा झालाय.

पहिल्या कपाटातल्या नळ्या उत्तम आहेत. तुम्ही विचारलेल्या नरांचे चौथे पाय मोजले, मापं सोबत जोडली आहेत. तुम्ही इथे होतात तेव्हाच्या तुमच्याच टेबलाशी बसून मोजली. अकरा वर्षं मी इथेच बसते.

आई चार वर्षांपूर्वी गेली. तुम्हाला कुणी कळवलं नसेल म्हणून लिहिलं.

तुमची मुलगी

२ ऑगस्ट
(हे टाकणार नाही.)

बाबा,

तुमचं उत्तर आलं. पहिल्या ओळीत मापांबद्दल आभार. दुसऱ्या ओळीत, आईबद्दल, एक शब्द: 'कळलं.' तिसऱ्या ओळीत दुसऱ्या कपाटातल्या नळ्या कशा आहेत.

मी पत्र घडी करून एप्रनच्या खिशात ठेवलं आणि दुसरं कपाट उघडायला गेले. आई शेवटच्या महिन्यात दाराकडे तोंड करून झोपायची. कूस बदलून दिली की पुन्हा वळायची. त्याला तुम्ही म्हणालात, कळलं.

दुसरं कपाट वाळलंय. माझ्या आधीच्या माणसानं त्यात स्वस्त बुचं वापरली होती. ती आक्रसली, स्पिरिट उडून गेलं आणि तुमचे प्राणी तळाला चिकटून बसलेत, चहाच्या भुकटीसारखे. मी ते कपाट वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. बुटक्यांवर इथे कुणी कामच करत नाही, मीसुद्धा विंचू बघते.

वाळलेला नमुना परत आणता येतो. कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून भिजत ठेवायचा, घाई करायची नाही, पाय मऊ झाले की चिमट्यानं उलगडायचे. मला येतं ते. चांगलं येतं. एकेका नळीला आठवडा जाईल, एवढंच.

मी भिजवले नाहीत. तुमचे जुने निबंध काढले, जवळच्या जातींची मापं बघितली, इकडे थोडं वाढवलं, तिकडे थोडं कमी केलं आणि तक्ता भरला. खोटं लिहिणं इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. दशांशचिन्हापुढे दोन आकडे दिले की कुणीही विश्वास ठेवतं. तुम्हाला तर दिसतही नाही. तुमचं आयुष्यभराचं पुस्तक, आणि त्यातली पानंच्या पानं मी हवेतून काढलेली. छापून होऊ दे. मग मी तुम्हाला एकच शब्द लिहीन. कुठला, ते तुम्ही ओळखाल.

२ ऑगस्ट

बाबा,

दुसऱ्या कपाटातल्या नळ्या ठीक आहेत. मापं सोबत.

तुमची मुलगी

१८ सप्टेंबर

बाबा,

तुमचं लांबलचक पत्र मी तीनदा वाचलं. शेवटी तुम्ही 'चिमटा' असं लिहिलंत. त्या नावानं मला हाक मारणारं आता कुणी उरलेलं नाही. बाईंना कळणार नाही म्हणून सांगते: मी पहिलीत असताना यांचा चिमटा घेऊन ताटातले दाणे उचलून खायचे, त्यावरून.

तुम्ही विचारता, डोंगरावरचे ते दिवस आठवतात का. पांढऱ्या चादरीवर पाचोळा चाळायचा आणि हलेल त्या ठिपक्यावर नजर ठेवायची. मला पहिला बुटका सापडला तेव्हा मी ओरडले, याला डोळे आहेत, बाजूला, दोन. तुम्ही भिंग माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, ते डोळे नव्हेत, वास सोडायची तोंडं आहेत. दिसतं तसं लिहायचं, वाटतं तसं नाही. आणि मग तुम्ही तो बुटका ज्या जातीचा निघाला तिला जीपच्या ड्रायव्हरचं नाव दिलंत. मी रडले, तर म्हणालात, घरच्यांची नावं दिली की लोक हसतात. तुमच्या जातींमध्ये ड्रायव्हर आहे, बंगल्याचा चौकीदार आहे, एक दंतवैद्य आहे. बाईंच्याही नावाची एक आहे, तुमच्या दोघांच्या लग्नानंतरच्या वर्षीची. ती मी यादीत बघितली.

हे भांडण म्हणून लिहीत नाही. तुम्ही आठवण काढलीत म्हणून मलाही आठवलं.

दुसऱ्या कपाटाच्या तिसऱ्या आणि चौथ्या खणातल्या नळ्यांची मापं सोबत आहेत. दगदग करून घेऊ नका. डोळ्यांत टाकायचे थेंब वेळेवर टाकता ना?

चिमटा

२१ ऑक्टोबर

बाबा,

थंडीत ये, असं तुम्ही लिहिलंत. तुमचं पत्र घेऊन मी बराच वेळ जिन्यात उभी होते. संचालक वर येत होते, म्हणाले, काही वाईट बातमी? मी म्हटलं, नाही, वडिलांनी बोलावलंय. माझ्या तोंडून 'वडील' हा शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकला असणार.

रजा टाकली आहे. गाडीचं आरक्षण केलं आहे. बाईंना विचारा, तिकडे थंडी कितपत असते, कुठले कपडे आणू. त्यांच्यासाठी इथून काय आणलेलं आवडेल, तेही विचारा.

सतरा नंबरच्या नळीतल्या नराचं माप तुम्ही तातडीनं मागितलंत, त्याच्यावर नवी जात उभी आहे म्हणून. काळजीपूर्वक घेतलं. लांबी दोन पूर्णांक चौदा शतांश मिलिमीटर, बाकी तक्त्यात आहे. नमुना सुंदर आहे.

भेटू.

तुमची चिमटा

१२ नोव्हेंबर

बाबा,

पत्र मिळालं. संचालकांनाही त्याची प्रत मिळाली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावून ती माझ्यासमोर मोठ्यानं वाचली, अगदी बाई तुम्हाला वाचून दाखवत असतील तशी.

सतरा नंबरची नळी तुमच्याकडेच आहे. घर सोडलंत तेव्हा कोटाच्या खिशात होती, तेव्हापासून तुमच्या टेबलावर आहे. बाई पूर्वी दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या, त्यामुळे मायक्रोस्कोप त्यांच्या हातातला. त्यांनी तो नर मोजला. माझ्या मापाशी एकही आकडा जुळत नाही.

तुम्हाला संशय ऑगस्टमध्येच आला, हेही वाचलं. मी दिलेल्या तक्त्यात डाव्या आणि उजव्या पायांची मापं तंतोतंत सारखी होती. अंगावर पाय घेऊन जगलेल्या प्राण्यात असं कधी नसतं. खरं आहे. मला सुचायला हवं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही दुसऱ्या संग्रहालयातून त्याच जातींचे जोडनमुने मागवून मोजून घेतलेत, म्हणजे पुस्तकात माझा एकही आकडा गेलेला नाही. तरी पुढे तुम्ही पत्रं लिहीत राहिलात. का, ते तुम्ही एका ओळीत लिहिलंय: 'किती दूर जातेस ते बघत होतो.'

चिमटा, डोंगर, चादर, थंडीत ये. ते सगळं त्यासाठी होतं.

आता मी सांगते ते तुम्हाला पटणार नाही, पण सांगते. सप्टेंबरच्या पत्रानंतर मी नमुने भिजवायला घेतले. खरे. पहिल्या काही नळ्यांतले नमुने नीट उलगडले, मापं घेतली, दुरुस्तीचं पत्र अर्धं लिहून ठेवलं होतं. तुमच्याकडे आल्यावर हातात द्यायचं आणि समोर बसून सांगायचं, असं ठरवलं होतं. सतरा नंबरची जागा रिकामी दिसली. वाटलं, मागे कुठेतरी पडली असेल, शोधू. तुम्हाला घाई होती आणि मला तुमची नाराजी नको होती. म्हणून ते एक शेवटचं माप पुन्हा न बघता लिहिलं.

संचालकांनी लेखी खुलासा मागितला आहे. आरक्षण रद्द केलं.

तुम्ही ज्या दिवशी गेलात, त्या दिवशी आई मला म्हणाली होती, त्यांना वाईट बोलायचं नाही, ते मनानं कठोर नाहीत, त्यांचं लक्ष नसतं. आईचंही चुकायचं.

२६ फेब्रुवारी

बाबा,

पुस्तक आलं. जाड आहे, देखणं आहे. त्याच खोक्यात कापसात गुंडाळलेली नळी होती, सतरा नंबरची, वर नवी चिठ्ठी. नव्या जातीचा मूळ नमुना, म्हणजे ज्या एका प्राण्यावरून ती जात ठरली तोच, कायमचा आमच्या संग्रहालयाकडे. कुठल्याही चांगल्या संग्रहालयानं तो आनंदानं घेतला असता. तुम्ही इथे पाठवलात.

जातीचं नाव वाचलं. माझ्या नावापुढे लॅटिनमधला 'खोटं बोलणारी' हा शब्द जोडून केलेलं. खाली नावाचा अर्थ दिलाय, तो इथे उतरवते, म्हणजे बाईंना तो पुन्हा एकदा तुम्हाला वाचून दाखवावा लागेल: 'लेखकाच्या मुलीवरून. तिने हा प्राणी न बघता मोजला.'

घरच्यांची नावं दिली की लोक हसतात. हसतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या माशांच्या विभागातले दोघं मला बघून जिन्यात तोंड फिरवून हसले.

नाव एकदा छापलं गेलं की बदलत नाही. देणाऱ्यालाही बदलता येत नाही, हा नियम तुम्हीच मला शिकवलात, चूक असलं तरी, वाईट दिसलं तरी. मी मेल्यावर तो प्राणी त्याच नावानं कपाटात राहील. त्याची नोंद करणं माझं काम आहे, खुलाशाचा निकाल लागेपर्यंत तरी. टाकाच्या निबेनं, न फिसकटणाऱ्या शाईत, बारीक अक्षरात मी तेच नाव चिठ्ठीवर लिहिलं आणि नळीत सोडलं. बूच चांगल्या प्रतीचं लावलं.

९ एप्रिल

बाबा,

मी सतरा नंबर बघितला. या वेळी खरंच बघितला.

तुमच्या वर्णनात या जातीचं मुख्य लक्षण दिलंय: पाठीवर, मागच्या टोकाला, उंचवट्यांची एक आडवी रांग, जी दुसऱ्या कुठल्याही जातीत नाही. रांग होती. मी तिच्यावर प्रकाश तिरका टाकला आणि मला तिचा रंग आवडला नाही. बुटक्यांच्या अंगातून पाझरलेल्या द्रवावर माती बसून खपली धरते, हे तुम्ही मला दहाव्या वर्षी दाखवलं होतंत. मी सगळ्यांत मऊ कुंचला घेतला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि एकदा फिरवला. तुमच्या नव्या जातीचं लक्षण कुंचल्याला लागून आलं.

खाली गुळगुळीत पाठ आहे. बाकी सगळं, पाय, पाठ, वासाच्या तोंडांची जागा, तुम्ही तरुणपणी वर्णन केलेल्या पहिल्यावहिल्या जातीशी जुळतं, त्याच डोंगरावरच्या. ही नवी जात नाही. तुमचीच जुनी जात आहे, फक्त पाठीला माती लागलेली.

एक लहान टिपण लिहून नियतकालिकाकडे पाठवलं. ही जात वेगळी नाही असं मान्य झालं की माझं नाव बाद होईल, जुन्या नावाखाली बारीक अक्षरात एक टीप म्हणून उरेल. संपादकांचं उत्तर सभ्य होतं. तुमच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत माझी मापं विश्वासार्ह नाहीत असं स्पष्ट छापलंय, तेव्हा त्यांना दुसऱ्या कुणाची तरी साक्ष हवी. पण दुसरं कुणी आता काय बघणार? माती मी पुसून टाकलीय. संचालक म्हणाले, 'तुझ्या नावाला बट्टा लावणारा नमुना तू एकटीनं, दार लावून घासलास. मी काय समजायचं?' मग त्यांनी किल्ल्या मागितल्या. मला आता पक्ष्यांच्या दालनात बसवलंय. मुलांनी काचेला हात लावू नये एवढं बघायचं.

फोटो का नाही काढला, असं तुम्ही विचाराल. सुचलं नाही. बघितलं आणि इतका आनंद झाला की हात थांबला नाही.

संपादकांना तुम्ही एक ओळ लिहिलीत तर पुरेल. माती असू शकते, एवढंच. मला तुमची माफी नको आणि मीही मागत नाही. तुम्ही दिसेल तसं लिहायला शिकवलंत, म्हणून मागतेय.

३० एप्रिल

बाबा,

तुमचं उत्तर मिळालं. टाइप केलेलं एक वाक्य: 'माती होती हे तिने बघितलं, की नुसतं लिहिलं?'

चांगलं वाक्य आहे. पक्ष्यांच्या दालनात बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. त्याचं जे उत्तर आहे ते मी कुठल्याही तोंडानं दिलं तरी तुमचं वाक्य तसंच उभं राहतं.

पण त्या पाकिटात अजून एक कागद होता, हातानं लिहिलेला. बाईंचा. तुम्हाला तो माहीत नाही.

बाई लिहितात की वर्षानुवर्षं रक्ताच्या काचा बघितल्यामुळे डाग कुठला आणि अंगचं काय, हे त्यांना कळतं. सतरा नंबर मोजताना पाठीवरची ती रांग त्यांना मळ वाटली. त्यांनी ते तुम्हाला लगेच सांगितलं. तुम्ही म्हणालात, 'असू दे. धुऊ दे तिला.' आणि पुढचा परिच्छेद सांगायला घेतलात.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. नळी इथे का पाठवलीत, तेही आता कळलं. ती कुणाच्या हातात पडेल आणि तो हात काय करेल, हे तुम्हाला ठाऊक होतं. तोच हात तुम्ही घडवला होतात.

मी कालपासून एकाच गोष्टीचा विचार करतेय. तुम्ही घर सोडलंत ते बुटक्यांसाठी. आईच्या मरणाला एक शब्द दिलात, कारण पुढची ओळ बुटक्यांची होती. त्यांच्याबद्दल तुम्ही कधी एक अक्षर चुकीचं लिहिलं नव्हतंत, यावर मी पैज लावली असती. आणि आता दोनशे खऱ्या जातींच्या रांगेत तुम्ही एक खोटी जात जाणूनबुजून उभी केलीत, फक्त मला दुखवायला. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही घरच्या माणसाला बुटक्यांपेक्षा जास्त महत्त्व दिलंत. आईला हे कधी मिळालं नाही. मला मिळालं.

कधीतरी कुणी त्या डोंगरावर जाईल, पाचोळा चाळेल, उंचवट्यांची रांग असलेला बुटका शोधेल आणि त्याला तो सापडणार नाही. तेव्हा तुमचं पुस्तक कुठे संपतं आणि तुम्ही कुठे सुरू होता, ते लोक बघतील. मी वाट बघत नाही. कळवून ठेवलं.

बाईंनी कागदाच्या शेवटी हात जोडलेत. लिहिलंय की, राहवलं नाही म्हणून तुला लिहिलं. यांना कळू देऊ नकोस, आता या वयात मला दुसरीकडे कुठे जागा नाही, आणि कुणी विचारलंच तर मी असं काही म्हटल्याचं नाकबूल करीन. त्या सगळ्यांत एकट्या माझ्याशी खरं बोलल्या. माझ्याकडे त्यांचं ऋण फेडायचा एक सरळ रस्ता होता: गप्प बसणं.

मी तुमची मुलगी आहे.

बाई, हे त्यांना वाचून दाखवताना इथे थांबू नका. त्यांना दिसत नसलं तरी ऐकू नीट येतं, तुमचा आवाज कुठे अडखळला ते त्यांना कळलंय. आता पान उलटून उपयोग नाही. वाचा.